पॅनल देतं किती आणि बॅटरी घेते किती

छतावर १३२० वॅटची पॅनलं, वर लख्ख ऊन, आणि चार्ज कंट्रोलरच्या (पॅनल आणि बॅटरीच्या मध्ये बसून चार्जिंग सांभाळणाऱ्या पेटीच्या) स्क्रीनवरचा आकडा मात्र ६०० च्या पुढे सरकायला तयार नाही. बरेच दिवस हे खटकत होतं. ज्याच्याकडे बाहेरून वीजच येत नाही, दिवे-पंखे-पंप सगळं बॅटरीवर, त्याला ही गोष्ट 'असेल काहीतरी' म्हणून सोडून देता येत नाही. तूट खरी असेल तर बॅटऱ्या रोज अर्धवट चार्ज राहणार, आणि लेड-ॲसिड बॅटरी सतत अर्धवट राहिली की प्लेटांवर सल्फेट धरून ती अकाली जाते. पॅनल एकवेळ वीस-पंचवीस वर्षं टिकेल, बॅटरी असा छळ सोसत नाही.

जोडणी अशी आहे. ३३० वॅटची चार पॅनलं, प्रत्येकात ७२ सेल. दोन-दोन पॅनलं सिरीजमध्ये, म्हणजे दोन स्ट्रिंग, आणि त्या दोन्ही स्ट्रिंग छतावरच्या डबीत पॅरलल. तिथून ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर साधारण १५ मीटर खाली येते एमपीपीटी कंट्रोलरला, म्हणजे पॅनलमधून सगळ्यात जास्त वॅट मिळतात ते व्होल्टेज शोधून तिथे ओढणाऱ्या कंट्रोलरला. बॅटऱ्या ट्यूब्युलर, २४ व्होल्टची बँक, ४०० अँपिअर-अवर. त्यापुढे इन्व्हर्टर. पॅनलच्या मागच्या लेबलवर छापलंय: ओपन सर्किट व्होल्टेज (काहीच जोडलेलं नसतानाचं) ४५.८, शॉर्ट सर्किट करंट (दोन टोकं थेट जोडल्यावरचा) ९.२ अँपिअर, आणि कमाल पॉवरच्या बिंदूला, म्हणजे दोघांचा गुणाकार सगळ्यात जास्त असतो तिथे, ३७.५ व्होल्ट, ८.८ अँपिअर. पुढची सगळी तपासणी या चार आकड्यांभोवतीच फिरली.

आधी एका इलेक्ट्रिशियनला दाखवलं होतं. त्याने पॅनलचा ब्रेकर पाडला, वरून येणाऱ्या वायरींना मल्टीमीटर लावला आणि म्हणाला, "एकाहत्तर व्होल्ट येतायत साहेब, पॅनलं ओके आहेत. उन्हात थोडं उतरतंच." उतरतं हे खरं. पण नुसतं व्होल्टेज बघून पॅनलची तब्येत कळत नाही. पॅनलचा करंट उजेडाच्या प्रमाणात वाढतो, निम्मं ऊन तर निम्मा करंट. व्होल्टेज मात्र थोड्याशा उजेडातच वर जाऊन बसतं. सकाळी ऊन अंगावर यायच्या आधीच लेबलच्या ८०-९० टक्के व्होल्टेज मीटरवर दिसतं. त्या वेळी त्या पॅनलमधून मोबाइलसुद्धा धड चार्ज होणार नाही. तो एकाहत्तरचा आकडा मी लिहून ठेवला. का एकाहत्तर, याचं उत्तर नंतर मिळालं.

पॅनलं खोलायच्या आधी बॅटरीकडे बघायला हवं होतं, कारण ऑफ-ग्रिडमध्ये स्क्रीनवर दिसणारे वॅट हे पॅनल देऊ शकतं तेवढे नसतात, त्या क्षणी बॅटरी आणि लोड मिळून जेवढे घेतात तेवढे असतात. ग्रिडला जोडलेल्या सिस्टिममध्ये जास्तीची वीज लाइनवर ढकलता येते, त्यामुळे तिथे इन्व्हर्टर कायम पूर्ण ओढतो. इथे ढकलायला जागा नाही. बॅटरी रिकामी असते तोवर कंट्रोलर जमेल तेवढं ओढतो. व्होल्टेज ठरलेल्या मर्यादेला पोचलं, माझ्याकडे ती २८.८ आहे, की तो ते व्होल्टेज तिथेच धरून ठेवतो आणि बॅटरी हळूहळू कमी करंट घ्यायला लागते. टाकी भरत आली की बॉलकॉक पाणी कमी-कमी करत नेतो, त्यात मोटरचा दोष नसतो, तसंच हे. माझी बॅटरी अकराच्या सुमारास या टप्प्याला पोचत होती. मी स्क्रीन बघायचो नेमका बारा-साडेबाराला, ऊन सगळ्यात जास्त म्हणून.

कंट्रोलर हात आखडता घेतोय की पॅनलच कमी देतंय, हे ओळखायची एक सोपी खूण आहे, आणि ती जवळजवळ प्रत्येक कंट्रोलरच्या स्क्रीनवर असते: पॅनलच्या बाजूचं व्होल्टेज. पूर्ण ओढत असताना ते कमाल पॉवरच्या बिंदूजवळ राहतं. ओढणं कमी केलं की वर, ओपन सर्किट व्होल्टेजकडे सरकतं. म्हणून मी आता वॅट नंतर बघतो, आधी व्होल्ट. ६०० वॅट दिसत होते तेव्हा पॅनल व्होल्टेज ६५ होतं. त्याच वेळी इन्व्हर्टरवर हजार वॅटचा हीटर रॉड बादलीत बुडवून चालू केला आणि स्क्रीनवर नजर ठेवली. वॅट चढत गेले, व्होल्ट उतरत गेले, आणि ५४-५५ ला येऊन थांबले. म्हणजे ६०० ही पॅनलची मर्यादा नव्हतीच.

लोड म्हणून आधी इस्त्री लावून बघितली होती, तिचा उपयोग नाही. थर्मोस्टॅट दर मिनिटाला बंद-चालू होतो आणि आकडे नाचतात. रॉडचं बरं असतं, पाणी उकळेपर्यंत एकसारखा ओढतो. फक्त बादली भरलेली हवी.

मग रीतसर चाचणी घ्यायची ठरवली. आदल्या रात्री बॅटरी नेहमीपेक्षा थोडी जास्त वापरली, पण निम्म्याच्या खाली जाऊ दिली नाही. सकाळी ऊन तापायच्या आत पॅनलं साध्या पाण्याने पुसून घेतली. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी ओतायचं नसतं. आणि निरभ्र दिवस निवडला. ढगांच्या दिवशी आकड्यांवर विश्वास ठेवू नये, कमी दिसतात म्हणून नाही, कधीकधी जास्त दिसतात म्हणून. ढगाची कड सूर्याजवळून सरकते तेव्हा थेट ऊन आणि ढगावरून परतलेला उजेड एकत्र येऊन काही सेकंद पॅनल निरभ्र आकाशापेक्षा जास्त देऊन जातं. तो आकडा धरून बसलं तर पुढचे कित्येक दिवस पॅनलं आजारीच वाटतील.

आता अपेक्षा किती ठेवायची? लेबलवरचे ३३० वॅट हे प्रयोगशाळेतले आहेत: दर चौरस मीटरला १००० वॅट प्रकाश आणि सेलचं तापमान २५ अंश. छतावर या दोन गोष्टी एकत्र भेटत नाहीत, कारण जिथे १००० वॅटचं ऊन आहे तिथे सेल २५ अंशावर राहतच नाही. डेटाशीटवर बहुतेक वेळा दुसरा एक रकाना असतो, ८०० वॅट प्रकाश, २० अंश हवा आणि हलका वारा धरून काढलेला. ३३० च्या पॅनलला तिथे साधारण २४५ वॅट लिहिलेले असतात. लोक तो रकाना वाचत नाहीत आणि मग पॅनलवाल्याला शिव्या घालतात.

ऊन मोजायचं खास मीटर महाग असतं, पण त्याचं काम एक छोटं पॅनल करतं. माझ्याकडे १० वॅटचं एक पडून होतं, लेबलवर शॉर्ट सर्किट करंट ०.६ अँपिअर. ते मोठ्या पॅनलांच्या शेजारी, त्याच उतारावर टेकवलं आणि त्याची दोन टोकं थेट मल्टीमीटरच्या १० अँपिअरच्या जॅकला जोडली. पॅनल शॉर्ट केलं तरी बिघडत नाही, कारण ते स्वतःच्या मर्यादेपलीकडे करंट देऊच शकत नाही. बॅटरीबाबत हे चुकूनही करायचं नाही. तिथे मीटर, हात, डोळे काही शिल्लक राहणार नाही. छोट्या पॅनलने ०.५४ दाखवले. ०.६ म्हणजे १०००, तर ०.५४ म्हणजे ९०० वॅट. एवढी अचूकता मला पुरे होती. उतार तोच ठेवणं मात्र महत्त्वाचं, जमिनीवर आडवं ठेवून घेतलेला आकडा मोठ्या पॅनलांना लागू पडत नाही.

तापमानासाठी इन्फ्रारेड थर्मामीटर पॅनलच्या पाठीला धरला. काचेकडून धरला तर आकाशाचं प्रतिबिंब मिसळतं. पाठ ६० अंशाच्या आसपास. सिलिकॉन पॅनलची पॉवर २५ अंशाच्या वर दर अंशाला साधारण ०.४ टक्क्याने घटते, माझ्या डेटाशीटवर तोच आकडा आहे. ३५ अंश जास्त म्हणजे १४ टक्के गेले. १३२० गुणिले ०.९ गुणिले ०.८६, म्हणजे १०२० वॅट. वायरमध्ये आणि कंट्रोलरमध्ये मिळून पाच-साडेपाच टक्के सोडले तर बॅटरीच्या बाजूला ९६० च्या आसपास दिसायला हवेत.

दिसले ८१५.

स्क्रीन खोटं बोलतेय का हे बघायला कंट्रोलरमधून बॅटरीकडे जाणाऱ्या वायरीला क्लॅम्प मीटर (वायर न तोडता तिच्याभोवती चिमटा अडकवून करंट मोजणारा) लावला. ३२.७ अँपिअर, बॅटरीवर २४.९ व्होल्ट, गुणाकार ८१४. स्क्रीन बरोबर होती. क्लॅम्प मीटर घेताना तो डीसी मोजणारा आहे का हे बघून घ्या, स्वस्तातले बरेचसे फक्त एसी मोजतात आणि डीसी वायरीवर शांतपणे शून्य दाखवतात. डीसीवाल्यालासुद्धा प्रत्येक वेळी वायर नसताना झिरोचं बटण दाबायला लागतं, नाहीतर आधीच्या मापाचं थोडंसं चुंबकत्व पुढच्या मापात येतं.

तर १५० वॅट खरोखर बेपत्ता होते. पहिला संशय वायरवर. छतावरच्या डबीत ५६ व्होल्ट, खाली कंट्रोलरला ५४.५. दीड व्होल्ट, तेवीस-चोवीस वॅट. हे हिशेबात धरलेलंच होतं. मग डबीत एकेका स्ट्रिंगच्या वायरीला क्लॅम्प लावला. पहिल्या स्ट्रिंगमधून ८.१ अँपिअर, दुसरीतून ७.३. फरक आहे, पण १५० वॅटचा फरक यात दिसत नाही. मला जास्त खटकलं ते व्होल्टेज. दोन पॅनलं सिरीजमध्ये म्हणजे लेबलप्रमाणे ७५ व्होल्ट, उष्णतेने उतरून ६४-६५. कंट्रोलर ५५ वर का बसलाय? एमपीपीटी हा हावरट प्राणी आहे, जिथे गुणाकार जास्त तिथेच जातो. त्याला ५५ वर जास्त मिळत असेल तर एका स्ट्रिंगला ६५ पर्यंत चढताच येत नसणार.

इथून पुढे जोडण्या सोडवायच्या होत्या, म्हणून जरा थांबून सांगतो. दोन पॅनलं सिरीजमध्ये असली की ८० च्या वर डीसी व्होल्ट असतात. एसीचा करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी विझते. डीसीची ठिणगी विझत नाही, ती ताणली जाते आणि कनेक्टर जाळते. म्हणून चालू लोडवर एमसी-४ कनेक्टर (पॅनलच्या वायरींच्या टोकाचे, एकमेकांत खोचायचे) कधीच ओढायचे नाहीत. आधी डीसी रेटिंगचा ब्रेकर पाडायचा, क्लॅम्पने करंट शून्य झाल्याची खात्री करायची, मगच कनेक्टरला हात. घरातला एसीचा एमसीबी या कामाला चालत नाही. आणि पॅनल जोडलेलं असताना कंट्रोलरची बॅटरीची वायर काढायची नाही. बॅटरी नसली की व्होल्टेज सावरायला काही राहत नाही आणि कंट्रोलर जाऊ शकतो. काढताना पॅनल आधी, जोडताना बॅटरी आधी.

दोन्ही स्ट्रिंग वेगळ्या केल्या. पहिलीचं ओपन सर्किट व्होल्टेज ८२. दुसरीचं ६८. इलेक्ट्रिशियनच्या एकाहत्तरचा उलगडा इथे झाला. दोन्ही पॅरलल असल्यामुळे चांगली स्ट्रिंग लंगडीला ढकलत होती आणि मीटरला दोघींमधलं काहीतरी दिसत होतं. निरोगी असत्या तर त्या उन्हात ८२ दिसले असते.

मग एकेक पॅनल. तीन पॅनलं ४१ व्होल्ट, चौथं २७.३. चौथ्याचा शॉर्ट सर्किट करंट घेतला. त्यासाठी पॅनलवर जाड चादर पूर्ण पांघरली, त्याच पॅनलचे दोन एमसी-४ एकमेकांत खोचले, वायरीला क्लॅम्प लावला आणि चादर काढली. सोडवतानाही आधी चादर, मग कनेक्टर. ८.३ अँपिअर, बाकीच्या तिघांइतकाच. करंट पूर्ण आणि व्होल्टेज बरोबर दोन तृतीयांश. एवढं कळल्यावर मागे राहतो तो एकच गुन्हेगार.

७२ सेलचं पॅनल आतून २४-२४ सेलच्या तीन गटांत विभागलेलं असतं आणि प्रत्येक गटाला एक बायपास डायोड असतो, मागच्या जंक्शन बॉक्समध्ये. गटातल्या एखाद्या सेलवर सावली पडली की बाकीच्यांचा करंट तिथे अडतो, तो सेल तापतो. डायोड त्या गटाला वळसा घालून करंट पुढे नेतो. हा डायोड शॉर्ट झाला की वळसा कायमचा उघडा राहतो आणि तो गट ऊन असो-नसो बाद. मी परत थर्मामीटर घेऊन त्या पॅनलच्या पाठीवरून फिरवला. एक तृतीयांश भाग बाकीच्यापेक्षा तीन-चार अंश गरम लागला. वीज म्हणून बाहेर जायला हवी होती ती ऊर्जा तिथेच उष्णता होऊन राहत होती.

एका पॅनलचा तिसरा हिस्सा म्हणजे लेबलवर ११० वॅट, त्या दिवशीच्या ऊन-उष्णतेत ८० च्या आसपास. मग १५० का गेले? कारण पॅरलल जोडणीत दोन्ही स्ट्रिंगना एकाच व्होल्टेजवर राहावं लागतं. लंगडीला ६५ झेपत नाही, चांगलीला ५५ वर राहणं तोट्याचं, आणि कंट्रोलर दोघींमध्ये तडजोड करतो. म्हणजे निम्मं नुकसान बिघडलेल्या पॅनलचं आणि निम्मं त्याच्यामुळे खाली खेचल्या गेलेल्या निरोगी स्ट्रिंगचं. दोन्ही स्ट्रिंगमधले करंट जवळजवळ सारखे दिसत होते तेही याचमुळे. नुसता क्लॅम्प फिरवून 'दोन्ही चाललेत' म्हणणारा इथे फसतो.

दुरुस्ती तशी किरकोळ. जंक्शन बॉक्सचं झाकण उघडण्याजोगं होतं. काही बॉक्स आतून सिलिकॉनने पूर्ण भरलेले असतात, तिथे अख्खा बॉक्सच बदलावा लागतो. पॅनल वॉरंटीत असेल तर मात्र स्क्रू ड्रायव्हर लावू नये, बॉक्स उघडला की कंपनी हात वर करते. माझी वॉरंटीची मुदत संपलेली होती. काम अंधार पडल्यावर केलं, कारण उजेडात सेलचं स्वतःचं व्होल्टेज डायोडच्या मापात लुडबुड करतं. मीटर डायोडच्या खुणेवर ठेवून बघितलं: दोन डायोड एका बाजूने पाव व्होल्टच्या आसपास आणि उलट बाजूने ओपन, तिसरा दोन्ही बाजूंनी पीं. त्याच रेटिंगचा, १५ अँपिअर ४५ व्होल्टचा शॉट्की डायोड आणला, पट्टीची बाजू बघून सोल्डर केला, झाकणाचं रबर नीट बसवलं. या पॅनलच्या एका कोपऱ्यावर रोज सकाळी टाकीच्या पाइपची सावली पडायची. तासन्‌तास वळसा देत तापत राहिलेला डायोड आधी जातो, त्यामुळे माझा संशय त्या पाइपवरच आहे. तोही सरकवून घेतला.

पुढच्या स्वच्छ दिवशी छोटं पॅनल परत ०.५४ वर आलं तेव्हा रॉड लावून बघितलं. ९५० ते ९६० वॅट, पॅनल व्होल्टेज ६३. दोन्ही स्ट्रिंगमधून सारखा करंट.

आणि तरीही रॉड काढला की बाराच्या सुमाराला स्क्रीनवर ६०० च्या आत. आता त्याचं काही वाटत नाही, व्होल्ट सत्तरच्या वर गेलेले दिसतात आणि बॅटरी २८.८ ला टेकलेली असते. पण रोज तीन-चारशे वॅट काही तास वापराविना राहतात हे दिसल्यावर पंप सकाळी आठला चालवायचं बंद केलं. आठला तो बॅटरीतून ओढायचा, रात्रभर वापरून खाली आलेल्या बॅटरीतून. आता टायमर साडेबाराला लावलाय. पंप सुरू झाला की पॅनल व्होल्टेज झरकन ६३-६४ ला उतरतं आणि बॅटरीचं २८.८ जागचं हलत नाही.